कशाच्या तुलनेत? : कर्णनाद, मेंदूचे उत्तेजन आणि चिकित्सेचे दोन अर्थ

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानातल्या चुका, म्हणजे हेत्वाभास, पाहत होतो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं की, धूर आणि अग्नी यांच्यापलीकडे या सगळ्याचा आज काही उपयोग आहे का? प्रश्न रास्त होता. म्हणून आज आम्ही एक आजचंच उदाहरण घेतो आहोत. कानात सतत आवाज येण्याचा जो विकार आहे, ज्याला इंग्रजीतून आलेला टिनिटस हा शब्द आता सगळेच वापरतात, त्यावर बाहेरून मेंदूला उत्तेजन देण्याचा उपचार गेली वीसेक वर्षं चालू आहे. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, डोक्यावर नुसतं एक कॉइल धरायचं. या उपचारामागचा युक्तिवाद कितपत टिकतो, एवढंच आज तपासायचं आहे.

आपल्या भाषेत 'चिकित्सा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वैद्य करतो ती चिकित्सा, आणि एखाद्या म्हणण्याची कसून केलेली तपासणी हीही चिकित्साच. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, तेव्हा पहिल्या अर्थाच्या चिकित्सेचा आम्हाला अधिकार नाही. दुसऱ्या अर्थाची करायला मात्र हरकत नसावी.

आता आधी विकार समजून घेऊ. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद स्वतंत्र आहे आणि कर्णक्ष्वेडही. म्हणजे तक्रार जुनी आहे. कुणाला रातकिड्यांसारखा आवाज येतो, कुणाला शिट्टीसारखा, कुणाला कुकरची वाफ सुटल्यासारखा. बाहेर काहीच वाजत नसतं. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना हा अनुभव आहे आणि सुमारे २ टक्क्यांना तो तीव्र त्रासाचा आहे. हे दोन आकडे लक्षात ठेवा. आवाज येणारे पुष्कळ, पण त्याने हैराण झालेले त्या मानाने थोडे. आपल्या आजच्या विषयाची अर्धी किल्ली या फरकात आहे.

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी एक साधा प्रयोग केला. ऐकू नीट येणाऱ्या ऐंशी माणसांना एकेकटं ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते सांगायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू येतंय असं सांगितलं, आणि त्यांची वर्णनं टिनिटसच्या रुग्णांच्या वर्णनांसारखीच होती! त्याच १९५३ साली विट्गेन्स्टाइनचं 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' प्रसिद्ध झालं. प्रत्येकाच्या डबीत एक किडा आहे, पण दुसऱ्याच्या डबीत कुणालाच डोकावता येत नाही, हे त्यातलं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. टिनिटस म्हणजे अक्षरशः डबीतला किडा. डॉक्टरला तो दिसत नाही, ऐकूही येत नाही. आवाजाची जुळणी करून पाहिली तर रुग्णाचा टिनिटस बहुधा त्याच्या ऐकण्याच्या किमान पातळीच्या फक्त काही डेसिबल वर निघतो. तेवढ्याच आवाजाने एकाची झोप उडते आणि दुसरा वर्तमानपत्र वाचत बसतो.

हा आवाज येतो कुठून? आज सर्वसाधारणपणे मान्य असलेलं चित्र असं आहे. वयाने किंवा गोंगाटाने अंतर्कर्णातल्या केसपेशी झिजतात, काही स्वरांचा निरोप मेंदूकडे पोहोचेनासा होतो. निरोप कमी आला की मेंदू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो. रेडिओचं स्टेशन नीट लागत नसताना आवाज मोठा केला की खरखर वाढते, तसं काहीसं. हात कापलेल्या माणसाला नसलेला हात दुखतो, त्याच्याशीही याची तुलना करतात. म्हणजे सुरुवात कानात झाली तरी आवाज चालू राहतो तो मेंदूत. आता मेंदूतच खटका असेल तर तो बाहेरून बंद करता येईल का, हा विचार सुचणं अगदी स्वाभाविक होतं. त्यात काही वेडेपणा नव्हता.

साधन तयारच होतं. १९८५ साली शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर यांनी दाखवून दिलं होतं की डोक्याशी कॉइल धरून त्यातून क्षणिक पण जोरदार विद्युत्प्रवाह सोडला, तर निर्माण होणारं चुंबकीय क्षेत्र कवटीतून आरपार जातं आणि खाली मेंदूत विद्युत्प्रवाह उत्पन्न करतं. हाच स्पंद पुन्हा पुन्हा दिला की परिणाम थोडा वेळ टिकतो. सेकंदाला एक अशा संथ गतीने दिला तर त्या भागाची उत्तेजितता घटते, असं मानलं जातं. २००३ साली जर्मनीत ट्यूबिंगेन आणि रेगेन्सबर्ग इथल्या गटांनी टिनिटसवर हे करून पाहिल्याचे पहिले अहवाल दिले. काही रुग्णांचा आवाज काही काळ कमी झाला होता. पुढे टाळूला इलेक्ट्रोड लावून एक-दोन मिलिअँपिअरचा सौम्य विद्युत्प्रवाह देण्याचे प्रयोगही सुरू झाले. दरम्यान २००८ साली अमेरिकेत चुंबकीय उत्तेजनाला नैराश्यासाठी मान्यता मिळाली, यंत्रं दवाखान्यांत आली. आणि यंत्र आलं की त्याला काम शोधलं जातं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

आता युक्तिवाद मांडू. एक: टिनिटसच्या रुग्णांत मेंदूचं श्रवणक्षेत्र अतिसक्रिय दिसतं. दोन: संथ उत्तेजनाने अतिसक्रियता दबते. तीन: म्हणून संथ उत्तेजनाने टिनिटस दबेल. ऐकायला किती नीटस वाटतं. पण प्रत्येक पायरीवर थांबून बघा.

पहिल्या पायरीत 'दिसतं' हा शब्द आहे. अतिसक्रियता टिनिटसचं कारण आहे, परिणाम आहे, की नुसती सोबतीण आहे, हे चित्रावरून कळत नाही. सुरुवातीच्या काही चित्रणांत डावी बाजू अधिक सक्रिय दिसली, म्हणून पुष्कळ प्रयोगांत सर्वांच्याच डाव्या बाजूला कॉइल लावलं गेलं, आवाज उजव्या कानात असो वा दोन्ही. दुसऱ्या पायरीत एक शरीररचनेची अडचण आहे. नेहमीच्या कॉइलचा प्रभाव दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे फारसा जात नाही, आणि मुख्य श्रवणक्षेत्र तर मेंदूच्या बाजूच्या खोल घडीत आत दडलेलं आहे. म्हणजे ज्या दारावर टकटक करायची ते दार आतल्या खोलीचं आणि आपण उभे अंगणात. परिणाम आत पोहोचत असेल तर तो शेजारच्या भागांमार्फत, म्हणजे पुन्हा एक गृहीतक आलं. आणि तिसरी पायरी पहिल्या दोहोंवर उभी आहे.

तरीही आम्ही म्हणू, कारणमीमांसा कच्ची असली म्हणून उपचार खोटा ठरत नाही. अनेक औषधं आधी लागू पडली आणि का लागू पडतात ते मागाहून कळलं. तेव्हा खरा प्रश्न एवढाच: लागू पडतं का?

इथे नैयायिक आपल्या कामी येतात. 'पर्वतावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे' हे अनुमान त्यांनी सदोष ठरवलं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग धूर कशाने येतो? ओल्या सरपणाने. अग्नीच्या आड लपलेली ही जी खरी अट, तिला त्यांनी उपाधी म्हटलं. आता 'याला बरं वाटलं, कारण याच्या डोक्याला कॉइल लावलं' हे वाक्य घ्या. इथे ओलं सरपण काय असू शकेल? पहिलं, काळ. माणूस दवाखान्यात जातो तो त्रास शिगेला पोहोचला की. शिगेला पोहोचलेली गोष्ट बहुधा आपोआप थोडी खाली येते. दुसरं, आशा. तिसरं, कुणीतरी दहा दिवस रोज अर्धा तास आपल्याकडे लक्ष दिलं. ज्याला घरच्यांनीसुद्धा 'मनावर घेऊ नकोस' म्हणून वाटेला लावलेलं असतं, त्याच्यासाठी हे लक्ष किरकोळ नसतं.

उपाधी शोधायचा मार्गही जुनाच आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कॉइल आहे तिथे आराम आहे, एवढं दाखवून भागत नाही. कॉइल नाही तिथे आराम नाही, हेही दाखवावं लागतं. वैद्यकात याला लटका उपचार म्हणतात. सगळा देखावा तोच, फक्त मेंदूपर्यंत काही पोहोचत नाही. कुणाला कोणता मिळाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि रुग्णाला कळू द्यायचं नाही.

आता दोन चाचण्या शेजारी शेजारी ठेवून वाचू. पहिली २०१५ सालची, अमेरिकेत पोर्टलंड इथली. सेकंदाला एक स्पंद, एका बैठकीत दोन हजार स्पंद, कामाचे सलग दहा दिवस. खऱ्या उपचाराच्या ३२ जणांपैकी १८ जणांना ठरवलेल्या मापाइतका फरक पडला, म्हणजे ५६ टक्के. लटक्या उपचाराच्या ३२ पैकी ७ जणांना, म्हणजे २२ टक्के. सहा महिन्यांनंतरही फरक टिकून होता असं लेखकांनी नोंदवलं. हा निकाल चांगलाच म्हणावा लागेल, आणि तो वाचून आम्हालाही उमेद वाटली होती.

पण वाचकाने इथे दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली अशी की 'फरक पडला' हे हो किंवा नाही असं उत्तर आहे. प्रश्नावलीवर एक रेघ मारायची, रेघेच्या खाली उतरला तो बरा झाला, एका गुणाने राहिला तो राहिला. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. दुसरी गोष्ट हिशोबाची. त्या अठरांपैकी चारच जण रेघेच्या अलीकडे राहिले असते, तर निकाल संख्याशास्त्राच्या प्रचलित कसोटीला उतरला नसता. चौघांवर तोललेला निष्कर्ष खोटा नसतो, पण त्यावर घर बांधायचं नसतं.

दुसरी चाचणी २०१७ सालची, जर्मनीतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेली. रुग्ण दीडशेच्या आसपास, म्हणजे पोर्टलंडच्या दुपटीहून जास्त. पद्धत जवळजवळ तीच: सेकंदाला एक स्पंद, दोन हजार स्पंद, दहा बैठका, डावी बाजू. निकाल असा की उपचार सगळ्यांना सहज झेपला, पण लटक्या उपचाराहून सरस ठरला नाही.

या दुसऱ्या निबंधाचं आम्हाला विशेष मोल वाटतं, आणि ते नकारासाठी नाही. २००३ साली हा मार्ग ज्या रेगेन्सबर्गच्या गटाने उघडला, त्याच गटातले लोक या चाचणीत पुढे होते. काय मोजणार, कसं मोजणार, याचा आराखडा त्यांनी २००८ सालीच छापून ठेवला होता. म्हणजे मागाहून गोलपोस्ट हलवायची सोय त्यांनी स्वतःला ठेवली नाही. आणि जे आलं ते, आपल्याच आशेविरुद्ध, त्यांनी प्रसिद्ध केलं. आपल्याकडे पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा असं सांगतात. इथे माणसांनी स्वतःलाच पूर्वपक्षात उभं केलं.

इतर पुरावा काय म्हणतो? २०११ सालच्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या आणि २३३ रुग्ण होते. आधार फारच तोकडा, असा त्याचा निष्कर्ष. २०१४ साली अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शिका काढली, तीत टिनिटससाठी चुंबकीय उत्तेजनाची शिफारस करू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. पोर्टलंडची चाचणी नंतरची आहे, हे इथे न्यायाने सांगायला हवं. पण जर्मन चाचणी त्याही नंतरची आहे, हेही सांगायला हवं.

व्यतिरेक दाखवणं किती अवघड आहे हेही बघा. कॉइलचा प्रत्येक स्पंद मोठ्याने टकटकतो, इतका की रुग्णाच्या कानात बोळे घालावे लागतात. शिवाय कपाळाचे, कानशिलाचे स्नायू उडतात. लटक्या कॉइलने टकटक तर ऐकवता येते, पण कातडीला तसाच झटका देणं कठीण. म्हणजे रुग्णाला अंदाज येऊ शकतो, आणि अंदाज आला की आशा पुन्हा मागच्या दाराने आत येते. त्यातही गंमत अशी की इथे कानातल्या आवाजाचा उपचार चालू असतो आणि उपचार स्वतःच दोन हजार वेळा आवाज करतो! टिनिटसच्या रुग्णावर कुठलाही आवाज नुसता ऐकवण्याचाही परिणाम होतो. मग कॉइलचं काम कुठे संपलं आणि टकटकीचं कुठे सुरू झालं, हे वेगळं काढायचं कसं?

आता उपचाराच्या बाजूने जे म्हटलं जातं तेही ऐकू. ते म्हणतात, टिनिटस हा एक रोग नाहीच, अनेक आहेत. सर्वांना एकच उपचार दिला तर ज्यांना लागू पडतो ते सरासरीत बुडून जातात. योग्य रुग्ण, योग्य जागा आणि योग्य गती सापडली की गुण दिसेल. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पण इम्रे लाकाटोश यांनी संशोधनाच्या वाटचालीबद्दल जे भेद केले ते इथे उपयोगी पडतात. अपयश आलं की सिद्धांताभोवतीची पूरक गृहीतकं बदलणं हा गुन्हा नाही. त्या बदलातून नवं, तपासता येईल असं भाकीत निघालं आणि ते खरं ठरलं, तर वाटचाल पुढे चालली आहे. प्रत्येक वेळी नुसतं मागचं अपयश झाकलं गेलं, तर ती खालावते आहे. 'अमुक लक्षणांच्या रुग्णाला लागू पडेल' हे आधी सांगा, मग चाचणी करा, आणि मग दाखवा. 'ज्यांना लागू पडलं त्यांना लागू पडतं' एवढंच मागाहून म्हणणं म्हणजे ज्योतिषाची पद्धत झाली.

आता थोडं वैयक्तिक. ते सांगणं भाग आहे, कारण नाहीतर आम्ही तटस्थ आहोत असा तुमचा गैरसमज होईल. आमच्या डाव्या कानात अकरा वर्षं आवाज आहे. आत्ता बोलतानाही आहे. पहिल्या वर्षी रात्रीची भीती वाटायची. एका केंद्रात आम्हाला वीस बैठकांचं पॅकेज सुचवलं गेलं. 'बहुतेकांना फरक पडतो' असं सांगितलं. आम्ही विचारलं, कशाच्या तुलनेत? समोरच्या तरुण माणसाला प्रश्नच कळला नाही. तो खोटं बोलत नव्हता, बरं का. त्याने बरं वाटलेली माणसं खरोखरच पाहिली होती. लटका उपचार घेऊन बरं वाटलेली माणसं मात्र त्याने पाहिलेली नव्हती, कारण ती त्याच्याकडे येणारच नव्हती. आमचं तेव्हाचं उत्तरही प्रामाणिकपणे सांगतो. घरी येऊन रात्री तीन वाजता जागे झालो तेव्हा वाटलं, तुलना गेली खड्ड्यात, पैसे भरून टाकू. तर्कशास्त्र शिकवण्यात जन्म गेला तरी रात्री तीनचं तर्कशास्त्र वेगळं असतं. म्हणूनच ज्याला काही कळत नाही त्याची नव्हे, तर ज्याला झोप नाही त्याची काळजी घ्यायला हवी. फसणं तिथे होतं.

मग काय उरतं? सुरुवातीचे दोन आकडे आठवा, १४ आणि २. त्यांच्यातला फरक आवाजाच्या मोठेपणाने पुरेसा स्पष्ट होत नाही. तो त्या आवाजाचा आपण काय अर्थ लावतो, त्याच्याकडे लक्ष किती जातं, भीती किती वाटते, यांतून पडतो. बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणाऱ्या समुपदेशनाचा कॉक्रेन आढावा २०२० साली आला. त्यात २८ चाचण्या आणि २७३३ माणसं होती. या उपचाराने टिनिटसचा जगण्यावरचा भार कमी होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. आवाज बंद होतो, असं तो म्हणत नाही. यावर अनेकांचा आक्षेप असतो: म्हणजे आमचा आवाज खोटा, सगळं मनाचंच? नाही. आवाज खरा, त्रासही खरा, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योगमार्गात आघाताशिवाय उमटणाऱ्या अनाहत नादाची साधक वाट पाहतो. तोच अनुभव हा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. एवढंच म्हणतो की बाहेर न वाजणारा नाद ऐकणं ही गोष्ट स्वतःहून दुःखाची ठरत नाही.

नवी यंत्रंही येत आहेत. डब्लिनच्या एका कंपनीचं, जिभेला सौम्य विद्युत् स्पंद आणि कानाला ध्वनी एकाच वेळी देणारं उपकरण २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. त्याची २०२० साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी ३२६ जणांची होती, आणि बहुतेकांना आराम वाटला. पण तिच्यात तीन गटांना उपचाराचेच तीन प्रकार दिले होते, लटका गट नव्हता. मान्यतेसाठीच्या पुढच्या चाचणीत आधी नुसता ध्वनी आणि मग दोन्ही एकत्र, अशी तुलना केली गेली. हे पाऊल योग्य दिशेचं आहे, पण आधी आणि नंतर यांच्यात काळ नावाची उपाधी पुन्हा शिरतेच. तेव्हा प्रश्न तोच ठेवा, यंत्र कोणतंही असो.

थोडं व्यवहाराचं सांगून थांबतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, तर तत्त्वचर्चा करत बसू नका, लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जा. आम्हीही आधी तेच केलं होतं. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांना आवाजाचा त्रासही कमी वाटतो. डोक्यात धातूचं काही बसवलेलं असेल, कॉक्लिअर इम्प्लांट असेल किंवा फिट्स येत असतील, तर चुंबकीय उत्तेजनापूर्वी ते सांगायलाच हवं. एखाद्या नीट आखलेल्या चाचणीत सहभागी व्हायला बोलावलं, तर जरूर विचार करा, कारण ज्ञान तसंच वाढतं. पण चाचणीत रुग्णाकडून फी घेत नाहीत आणि 'नक्की गुण येईल' असं सांगत नाहीत. पैसे घेऊन खात्री दिली जात असेल, तर विचारा: कशाच्या तुलनेत?

त्या केंद्रात आम्ही शेवटी पैसे भरले नाहीत. त्याचं श्रेय तर्कशास्त्राला द्यायला आवडलं असतं, पण खरं कारण असं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास थोडा कमी होता. पैसे भरले असते, तर त्याचं श्रेय आम्ही कॉइललाच दिलं असतं.

पुढच्या वेळी आपण शब्दप्रमाणाकडे वळू. तज्ज्ञाचं म्हणणं केव्हा आणि का मानावं, हा प्रश्न आजच्या विषयातून निघतोच.